कुठले गेर्बर?

मिताली कदमची मिताली गेर्बर झाली, तेव्हा सिडनीतल्या मैत्रिणींनी तिला फैलावर घेतलं. शिकलीसवरलेली बाई, वेस्टमीडला लॅबमध्ये सायंटिस्ट, आणि लग्न झाल्याबरोबर नवऱ्याचं आडनाव लावते! कुठल्या काळात आहेस तू? मिताली नुसती हसायची. पासपोर्टपासून लायब्ररीच्या कार्डापर्यंत तिनं सगळीकडे नाव बदलून घेतलं होतं, तेही इतक्या घाईनं की खुद्द टोबी, तिचा नवरा, म्हणाला होता, "अगं, सक्ती नाहीये." त्या बिचाऱ्याला वाटलं, प्रेमापोटी चाललंय. प्रेम होतंच. पण प्रेमापेक्षा सुटका मोठी होती.

कदम हे आडनाव मोठं सोयीचं आणि तितकंच गैरसोयीचं. अनेक जातींत कदम सापडतात. त्यामुळे 'मी कदम' एवढ्यावर समोरच्याचं भागत नाही. त्याचे डोळे जरासे बारीक होतात आणि पुढचा प्रश्न येतो, "कदम म्हणजे कुठले?" ह्या प्रश्नाचा भूगोलाशी काडीचा संबंध नसतो, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही कळतं. मितालीचे वडील दीनानाथ ह्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं. "साताऱ्याकडचे." आणि समोरच्यानं "सातारा म्हणजे नेमकं..." असं तोंड उघडायच्या आत ते त्याच्या टेलिफोनची चौकशी करायचे. लाइन नीट चालते का? खरखर तर येत नाही ना? टेलिफोन खात्यातला माणूस आपणहून विचारतोय म्हटल्यावर लोक जात विसरून गाऱ्हाणी सांगायला लागायचे. अख्खी नोकरी त्यांनी अशी काढली.

खरी गोष्ट अशी होती की हे कदम ढोर समाजाचे. मितालीचे आजोबा तालुक्याच्या गावी, नदीकाठच्या गल्लीत कातडी कमवायचे. बाभळीच्या सालीच्या पाण्यात हात घालून घालून त्यांचे हात कोपरापर्यंत तपकिरी झाले होते. साबणानं, राखेनं, कशानंही तो रंग जायचा नाही. पुण्याच्या फ्लॅटवर ते एकदाच राहायला आले, भर मे महिन्यात, तेही लांब बाह्यांचा सदरा घालून. शेजारच्या काकू चहाला आल्या तेव्हा आजोबा मांडीखाली हात घालून बसून राहिले आणि त्यांच्या चहावर साय धरली. मिताली तेव्हा लहान होती. आजोबा चहा का पीत नाहीत, हे तिनं सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, आणि बाबांनी तिच्याकडे असं बघितलं की त्यानंतर तिनं घरात त्याबद्दल कधी काही विचारलंच नाही. बाबांच्या तोंडून त्या कामाचं एक अक्षर तिनं कधी ऐकलं नव्हतं. जे काही माहीत होतं ते सुट्टीत भेटणाऱ्या चुलतभावंडांकडून.

टोबीला मात्र तिनं लग्नाआधीच सांगितलं. तो कौन्सिलच्या झाडांच्या खात्यात होता. कुठलं झाड पोखरलंय, कुठली फांदी घरावर येईल, हे बघणं त्याचं काम. पॅरामॅटाच्या बागेत बाकावर बसून, सँडविच हातात तसंच धरून, तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं: जात, गल्ली, बाभळीची साल, आजोबांचे हात. आणि मग ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसली. टोबी एकदम गडगडून हसला.

"मिताली," तो म्हणाला, "गेर्बर म्हणजे काय, माहितीये का तुला? कातडी कमावणारा! माझा खापरपणजोबा दक्षिण ऑस्ट्रेलियात, बॅरोसाला, हेच करायचा. वॉटलच्या सालीत. आणि वॉटल अन् तुमची बाभूळ, दोन्ही एकाच घराण्यातली झाडं!"

असं आनंदानं कुणी त्या कामाचं नाव घेतलेलं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. शाळेतलं बक्षीस दाखवावं तसं तो सांगत होता. त्या हसण्यावर ती भाळली, आणि त्याच्याशी लग्न करायचं तिनं तिथंच ठरवलं. गंमत बघा, धंदा झाकणारं आडनाव टाकून तिनं धंदा उघड सांगणारं आडनाव घेतलं. फक्त ते सांगत होतं जर्मनमध्ये, आणि सिडनीच्या मराठी मंडळात जर्मन येतं कुणाला? मिताली गेर्बर म्हटलं की लोक 'अय्या' म्हणायचे आणि नवरा कसा भेटला ते विचारायचे. पुढचा प्रश्न कायमचा बंद झाला होता.

दोन हजार एकवीसच्या लॉकडाउनमध्ये तो पुन्हा उघडायची वेळ आली.

त्या वर्षी सिडनीच्या पश्चिम भागाला फारच कडक बंदी होती. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, रात्री कर्फ्यू, वर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय. मिताली वेंटवर्थव्हिलच्या फ्लॅटमधून चालत लॅबला जायची, दिवसभर स्वॅबच्या नळ्या, मशीन, पुन्हा नळ्या, आणि चालत परत. कामाला जाणाऱ्या थोड्यांपैकी ती एक. त्यामुळे शेजारपाजारचे लिफ्टमध्ये तिला बघून 'यू गो, यू गो' म्हणत मागं सरायचे. तसं मागं सरणं तिला आवडायचं नाही. का आवडायचं नाही हे तिला नीट माहीत होतं, पण टोबीला ती एवढंच सांगायची की मास्कनं कान दुखतात.

पहिल्या लाटेत एकदा तिनं बाबांना फोनवर सांगितलं होतं की इथं सगळं दारात ठेवून जातात, हाताला हात कुणी लागू देत नाही. बाबा पुण्यात एकटे राहायचे, आई गेल्यापासून. ते म्हणाले, "लांबून टाकायची पद्धत काही नवी नाही, बाळा," आणि दूध उतू जातंय म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या काळात तिच्या दारात डबे ठेवणारी होती चित्रलेखा. पुण्याची, बँकेच्या आयटीत, तीन गल्ल्या सोडून राहणारी आणि मंडळाचा अगदी प्राण. मितालीला क्वारंटाइन झालं तेव्हा तिनं आमटी-भात, वरून लिंबाची फोड, असं रोज आणून ठेवलं आणि खिडकीखाली उभी राहून गप्पा मारल्या. बाई मायाळू, ह्यात शंका नको. तिच्या घरच्या गणपतीला उकडीच्या मोदकांना मितालीच लागायची. "तुझ्या हातच्या कळ्या म्हणजे बघत राहावं," असं ती सगळ्यांसमोर म्हणायची. चित्रलेखाच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात बसून कळ्या पाडताना मितालीला दर वर्षी आनंद व्हायचा आणि दर वर्षी छातीत धडधडायचं. दोन्ही एकदमच.

गणपती ऑनलाइन बसणार हे ठरल्यावर चित्रलेखाचा फोन आला. मितालीचे हात कणकेत होते, म्हणून तिनं स्पीकर लावला, आणि तीच चूक झाली.

"ऐक ना, ह्या वर्षी थीम आहे, 'आमच्या आडनावाची गोष्ट'," चित्रलेखा म्हणाली. "प्रत्येक फॅमिलीनं आपल्या आडनावाचं मूळ, अर्थ, सगळं सांगायचं. संडेला, पाच वाजता, झूमवर. आणि मला ना टोबी हवाय! जर्मन आडनाव! नुसते कुलवृत्तांत ऐकून लोक बोअर होतील गं."

मिताली काही बोलायच्या आत टोबी हॉलमधून ओरडला, "येस! आय वुड लव्ह टू!"

"सो स्वीट!" चित्रलेखा म्हणाली. "आणि बाबांना पण लिंक पाठव. पुण्याहून जॉइन होऊ देत. एकटेच असतात ना. आणि सोमवारचे मोदक तुझ्याच हातचे हं, घरून करून दारात ठेवून जा."

तो आठवडा मितालीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. टोबीला तर उधाण आलं होतं. बॅरोसातल्या आत्याला फोन, जुने फोटो, नकाशे. कामावरून येताना त्यानं वादळात पडलेल्या वॉटलच्या सालीचा हातभर तुकडा आणला आणि ओट्यावर, मीठमसाल्याच्या डब्याशेजारी वाळत ठेवला. "शेवटी काय सांगणार, ठाऊक आहे?" तो म्हणाला. "एक गेर्बर आणि एक कदम. दोन देश, एक झाड, एक काम. दे विल लव्ह इट."

तिनं हातातला चमचा खाली ठेवला, पुन्हा उचलला. लॅबमध्ये नळ्यांवरचे नंबर दोनदा वाचले तरी डोक्यात शिरेनात. घरी आल्यावर बसवेना. हॉलमधून बाल्कनी, बाल्कनीतून हॉल. बाहेर हेलिकॉप्टर फिरतंय, आत ही फिरतेय. चित्रलेखाचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर यायचं. मग बाबा यायचे, लिंकवर बोट ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. ज्या माणसानं जन्मभर टेलिफोनच्या खरखरीआड एक गोष्ट दडवली, ती त्याच्याच डोळ्यांदेखत, त्याच्याच जावयानं, हसतहसत पन्नास घरांत पोहोचवायची? तिला टोबीचा रागच यायला लागला. त्याच्या आनंदाचा राग. ज्या हसण्यावर भाळली तेच आता तिला टोचत होतं.

शनिवारी दुपारी ती एकदाची म्हणाली, "टोबी, उद्या माझं काही सांगू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे आजोबा. कदम. ते सगळं. तू तुझं सांग."

टोबीनं लॅपटॉप मिटला. तो इंग्रजीतच बोलायचा, आता मात्र सावकाश, एकेक शब्द तोलत बोलला. "तो माझ्या बोलण्याचा सगळ्यात सुंदर भाग आहे."

"माहितीये."

"तुला लाज वाटते?"

"नाही!" ती इतक्या जोरात म्हणाली की स्वतःच दचकली. "मला नाही वाटत. त्यांना... तुला नाही कळणार रे. उद्यापासून चित्रलेखा मला तशीच हाक मारेल का, ते मला माहीत नाही. आणि बाबा असतील तिथं. बाबांनी आयुष्यभर जे केलं नाही ते मी त्यांच्या तोंडावर नाही करू शकत."

"चित्रलेखा तर तुझी मैत्रीण आहे."

"म्हणूनच."

टोबीला हे खरोखरच कळलं नाही. ह्यात त्याचा दोष नव्हता, ज्याला हे अंगावर घेऊन जगावं लागलं नाही त्याला ते समजावून कसं सांगायचं? पण माणूस सरळ होता. जरा वेळानं तो म्हणाला, "ती गोष्ट तुझी आहे, माझी नाही. नाही सांगणार." आणि त्यानं शपथ घेतल्यासारखा हात वर केला. मितालीला बरं वाटायला हवं होतं. उलट तिला आणखीच अस्वस्थ वाटायला लागलं, कारण आता लपवणाऱ्यांत तिनं टोबीलाही ओढलं होतं.

रविवारी पाचला स्क्रीनवर चौकोन उगवायला लागले. मास्कशिवायचे चेहरे बघून लोक खुश होते. कुणी मागं तोरण लावलेलं, कुणी गणपतीपुढेच बसलेलं. एका चौकोनात छताचा पंखा आणि अर्धं कपाळ दिसत होतं. ते मितालीचे बाबा.

"बाबा, फोन जरा खाली करा," ती म्हणाली. कपाळाचा चेहरा झाला. इस्त्रीचा शर्ट होताच.

पहिली दोन घरं झाली. एकांचं आडनाव कोकणातल्या वतनावरून, दुसऱ्यांचं पेशव्यांनी दिलेल्या कामावरून. दोघांनीही आपल्या घराण्याला इतकं मागं नेलं की ऐकणाऱ्यांना जांभया आल्या. मग चित्रलेखा म्हणाली, "आणि आता आपले जर्मन जावई!" सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी टाकले.

टोबी छान बोलला. म्हणाला, जर्मन लोकांनी आडनावं घेतली ती बरीचशी धंद्यावरून. गिरणीवाला म्युलर, लोहार श्मिट, आणि ह्या दोघांचा तिकडं नुसता सुळसुळाट आहे. गेर्बर त्या मानानं थोडे. स्वित्झर्लंडच्या बर्नच्या बाजूला आणि जर्मनीच्या दक्षिणेला जास्त. इतर भागांत हेच काम करणाऱ्यांना लेडरर म्हणतात, लाउअर म्हणतात. गेर्बरच्या मुळाशी जुना शब्द आहे, त्याचा अर्थ 'तयार करणं'. कच्चं कातडं तयार करणारा तो गेर्बर. जुन्या शहरांत त्यांची गल्ली नदीकाठी असायची, कारण पाणी लागायचं, आणि वासामुळे लोकांनाही ते लांब बरे वाटायचे. "आज त्याच गल्ल्यांत कॉफी सगळ्यात महाग मिळते," तो म्हणाला, आणि लोक हसले.

मग त्यानं खापरपणजोबा सांगितला. बोटीतून दक्षिण ऑस्ट्रेलियात आला, ओक मिळेना म्हणून वॉटलची साल सोलायला लागला. टोबीनं सालीचा तुकडा कॅमेऱ्यापुढे धरला. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हटलं की शेजारी थुंकायचे, म्हणून पणजोबानं आडनावाचं सरळ इंग्रजी करून 'टॅनर' लावलं. "माझ्या आजोबांनी ते परत गेर्बर केलं. त्यांचे वडील म्हणाले, कशाला? आजोबा म्हणाले, भीती तुमची होती, नाव माझं आहे."

बोलता बोलता टोबी थांबला. इथंच, पुढच्या वाक्यात, कदम यायचे होते. त्यानं मितालीकडे बघितलं नाही. सालीचा तुकडा खाली ठेवला आणि म्हणाला, "बास. एवढंच. थँक यू."

मितालीनं धरून ठेवलेला श्वास सोडला. सुटलो, तिला वाटलं.

"ब्युटिफुल!" चित्रलेखा म्हणाली. "किती डिग्निटी आहे ना त्यांच्याकडे कामाला! बघा, किती अभिमानानं सांगितलं."

तेवढ्यात अजितनं माइक उघडला. अजित म्हणजे मंडळाचा गमत्या, प्रत्येक कार्यक्रमात ह्याचा एक विनोद ठरलेला. "अरे टोबी, मेट, तू ऑस्ट्रेलियात जन्मलास ते बरं झालं! आमच्याकडे असतास तर गावाबाहेर ठेवला असता तुला!" चौकोनांतून हशा पिकला. त्याला चेव आला. "काय गं मिताली, लग्नाआधी चौकशी नाही केलीस का? विचारायचं ना, कुठले गेर्बर?"

मग तर लोक खोखो हसले. चित्रलेखा "अजित, गप रे" म्हणत स्वतःही हसत होती. वाईट मनाचं त्यात कुणी नव्हतं. सगळ्यांना खात्री होती की ज्याच्यावर हसायचं असं कुणी ह्या बैठकीत नाहीच. मितालीच्याही गालांना ती सवय होती, तेही आपोआप ताणले गेले.

आणि तिची नजर बाबांच्या चौकोनाकडे गेली. बाबा हसत होते.

ते हसणं तिला पाठ होतं. सोसायटीच्या मीटिंगमधलं, लग्नाच्या पंगतीतलं, ऑफिसच्या सहलीतलं. बरोबर वेळेवर सुरू होणारं, इतरांच्या आवाजापेक्षा थोडं कमी, आणि सगळ्यांच्या आधी न थांबणारं. दात दिसत होते. डोळे मात्र कुणी आपल्याकडे बघतंय का ते बघत होते. सत्तरी उलटलेला तिचा बाप, पुण्यात, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून, स्वतःच्या बापावरच्या विनोदाला हसत होता.

मितालीला ते सहनच झालं नाही. रागानं तिचे कान तापले, आणि काय करतोय हे कळायच्या आत तिनं माइक उघडला.

"केली होती चौकशी, अजित," ती म्हणाली. "म्हणून तर लग्न केलं."

लोक आणखी हसायच्या बेतात होते.

"माझे आजोबा हेच काम करायचे. आम्ही ढोर. साताऱ्याकडे, नदीकाठी आमची गल्ली होती. गावाबाहेरच. तू म्हणालास तशी. बाभळीच्या सालीत कातडी कमवायचे. पंपाच्या आधी सगळ्या गावाच्या मळ्याला पाणी ज्या मोटेनं यायचं, त्या मोटेचं कातडं आमच्या घरचं असायचं. पाणी चालायचं, आम्ही चालायचो नाही. माझ्या आजोबांचे हात कोपरापर्यंत तपकिरी होते आणि मरेपर्यंत ते त्यांनी लपवले. मला ते आठवलं, एवढंच."

स्क्रीनवर कुणीच हललं नाही. नेट गेलं की काय असं वाटावं. अजितचं तोंड अर्धवट उघडं होतं. कुणीतरी लगबगीनं कॅमेरा बंद केला, मग आणखी एकानं. टोबीला मराठी शब्द कळले नाहीत, पण 'ढोर' कळला, आणि त्यानं टेबलाखाली तिचा हात घट्ट धरला.

"वा," चित्रलेखा म्हणाली. "म्हणजे... किती इंटरेस्टिंग, नाही का? थँक यू, मिताली. बरं, आता आपली चिन्मयी गाणं म्हणणार आहे. चिन्मयी बेटा, अनम्यूट कर."

पोरगी गायला लागली. मिताली बाबांचा चौकोन शोधत होती. तो नव्हता.

तिनं लॅपटॉप मिटला आणि फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. कुणी उचलेना. "काय केलं मी," ती म्हणाली. "त्यांना विचारायचं तरी. त्यांचं आयुष्य, त्यांची सोसायटी, आणि मी इथं दहा हजार किलोमीटरवर बसून..." टोबी काहीतरी म्हणत होता, ते तिला ऐकू येत नव्हतं. बाबांना ब्लडप्रेशर होतं. विमानं बंद. उद्या काही झालं तर जाता येणार नाही. ती हॉलमधून बाल्कनीत गेली, बाल्कनीतून परत. खाली रस्त्यावर कुणी नव्हतं.

फोन किणकिणला. बाबा नव्हते, चित्रलेखाचा मेसेज होता. 'डिअर, उद्याचे मोदक राहू देत गं. तुझी शिफ्ट असते, उगाच दगदग नको. मी मॅनेज करते.' शेवटी हात जोडलेले आणि बदाम.

तिनं तो टोबीला दाखवला. "हाऊ नाइस ऑफ हर," टोबी म्हणाला. मग त्यानं मितालीचा चेहरा बघितला, मेसेज पुन्हा वाचला, आणि ह्या वेळी त्याला कळलं. तो खुर्चीत बसला. हसणारा तो माणूस इतका गप्प झालेला तिनं कधी बघितला नव्हता. ओट्यावर मोदकाची पिठी भिजवायला काढून ठेवलेली होती. तिनं डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. रडू येत होतं, पण ते चित्रलेखासाठी नव्हतं. चित्रलेखाचं हे उत्तर तिला कळ्या पाडताना दर वर्षीच माहीत होतं.

तिनं पुन्हा पुण्याला फोन लावला. बिझी. शेजारच्यांचा नंबर शोधत होती, तेवढ्यात स्क्रीनवर 'बाबा' आलं.

"बाबा? कुठं होतात? बरं आहे ना? मी... बाबा, माझं चुकलं, मी तुम्हाला आधी..."

"गच्चीत गेलो होतो," बाबा म्हणाले. आवाज बसलेला होता. "मग गावाकडं फोन लावला, भावाला. विचारायचं होतं एक."

"काय?"

मितालीनं स्पीकर लावला. टोबी उठून जवळ आला.

"हिरडा सांगायचा राहिला तुझा," बाबा म्हणाले.

"काय?"

"हिरडा. नुसत्या बाभळीच्या सालीवर होत नाही ते. कातडं लाल होतं आणि कडक येतं. हिरडा कुटून घालायचा बरोबर, मग रंग बसतो. आधी चुन्यात टाकायचं, केस सुटेपर्यंत. मग धुवायचं, नदीत. मग साल आणि हिरडा. प्रमाण मी विसरलो होतो. म्हणून भावाला विचारलं. लहानपणी मीच कुटायचो हिरडा, शाळेतनं आल्यावर. माझेही हात तसेच होते. पुण्याला आल्यावर गेला रंग."

टोबीनं खुणेनं विचारलं, काय झालं? तिनं डोळे पुसत हातानंच त्याला थांब म्हटलं.

"आहेस ना?" बाबांनी विचारलं.

"आहे, बाबा."

"मग टोबीला नीट सांग. म्हणावं, तुझ्या खापरपणजोबाला तिकडं हिरडा कुठला मिळायला." बाबा थांबले. मग हसले, अवेळी, आणि एकटेच. "कातडं आमचं जास्त चांगलं असणार."